शिवायचं नाही

पहिल्या दिवशी त्यांनी घराभोवती दोरी बांधली,
आंब्यापासून विजेच्या खांबापर्यंत,
खांबापासून न्हाणीच्या कुडापर्यंत,
आणि दोरीला लाल प्लास्टिकच्या चिंध्या.
पोलीस अगदी पोरगेला. त्याची पँट
मीच आखूड करून दिली होती गेल्या ईदला.
"एकवीस दिवस," तो नजर चुकवत म्हणाला,
"कुणी कुणाला शिवायचं नाही."
मी शिंपीण. मला हसू आलं.
नवऱ्याला नेऊन चार तास झाले होते,
तरी आलं.

सरकारी तांदूळ नवव्या दिवशी पोचला,
मीठ नाही, तेल नाही, सरपण नाही.
त्याआधीचे आठ दिवस आम्ही कशावर काढले
ते कुठल्याच कागदावर नाही,
म्हणून सांगते.

लान्सानाची मोटारसायकल बंदीमुळे उभी होती.
तो ती ढकलत आणायचा केनेमाच्या रस्त्यावरून,
दोन्ही बाजूंना पाण्याचे पिवळे कॅन लटकवून.
दोरीच्या आत ठेवायचा, तीन पावलं मागे सरायचा
आणि काही विसरल्यासारखा उभाच राहायचा.
येमा कसावाचा पाला रांधून द्यायची केळीच्या पानात,
म्हणजे भांडं परत करायची भानगड नको.
मोमो मास्तर रेडिओ खिडकीत ठेवून मोठा करायचे,
त्यावर शाळेचा धडा लागायचा,
माझी पोरं दोरीला नाक लावून गिरवायची मातीत.

आणि सात्तू.
दोन वर्षं बोलत नव्हती माझ्याशी.
मी म्हणे तिचं दोन यार्ड कापड खाल्लं.
तिसऱ्या दिवशी दोरीपलीकडून तिचा आवाज:
"जेब्बे, मेलीस का गं?"
"नाही."
"मग मशीन का वाजत नाही?"
आतलं कापड बाहेर जाणार नव्हतं, शिवू कुणासाठी?
"ते मला काय ठाऊक. वाजलं की आम्हाला कळतं."

तेव्हापासून दिवेलागणीला मी पायटा हलवायची.
चिंधीला चिंधी जोडायची, उसवायची, पुन्हा जोडायची.
गल्लीतली मुसळं तेवढ्यापुरती थांबायची,
मग उखळात परत पडायची.

अकराव्या दिवशी सासूला ताप भरला.
जाताना तिने हात हलवला नाही.
दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले,
नातवंडं धावतील म्हणून.
पोलीस पोराने भिंतीवरचा आकडा बाहीने पुसला
आणि खडूने लिहिलं: एक.

त्या संध्याकाळी मी मशीनकडे फिरकलेच नाही.
अंधारात आवाज आला.
दोरा नाही, कापड नाही, नुसती सुई खाली-वर.
माझी बाइंदू, वय नऊ,
बसून पाय पुरत नाहीत, म्हणून उभी राहून.
"लोक वाट बघत असतील," म्हणाली.
बाहेर सात्तू कुणाला तरी सांगत होती,
चालतंय, चालतंय,
पण आज हात कच्चा आहे.

एकतिसाव्या दिवशी दोरी सुटली.
सासू आली नाही. तिच्या कबरीला नाव नाही,
नंबर आहे; मला पाठ आहे.
नवऱ्याचा अजून शोधतेय.

हात मिळवायला बंदी होतीच तेव्हाही.
सात्तू नवं कापड घेऊन अंगणात उभी राहिली.
मी टेप फेकला. तिने तो स्वतःच छातीभोवती धरला
आणि आकडा ओरडून सांगितला,
खोटा, चार इंच कमी.
मी चार मिळवून लिहून घेतला.
"या वेळी उरलेलं परत हवं मला," ती म्हणाली.
"दोन यार्ड उरेल."
"दोन कसं?
आधीचं धरून चार."