आचारसंहिता

परवान्याच्या पुस्तकात एक रकाना आहे:
शस्त्र कशासाठी हवे?
हिंदुरावांनी लिहिलं, स्वसंरक्षणासाठी.
(नाव आता उखाण्याशिवाय घेते.)
खडी-वाळूचा धंदा, रोकड घेऊन फिरायचं,
भांडुपच्या पुलाखाली कोण कधी आडवं येईल.
पोलिसांना पटलं. मलाही पटलं होतं.
नवव्या मजल्यावर पेढे मीच वाटले.

त्यांनी ते कधी माझ्यावर रोखलं नाही.
हे मी कोर्टातही सांगितलं, खोटं कशाला बोलू.
जेवताना फक्त ताटाच्या उजवीकडे ठेवायचे,
आमटीच्या वाटीशेजारी,
आणि विचारायचे, मीठ कुणी घातलंय?
एवढंच.
शिवी नाही, आवाज नाही.
वाटी जराशी सरकवून त्याला जागा करायची
माझ्या हाताला सवय लागली.
अजून आहे.

कपाटात ते माझ्या साड्यांच्या घडीत असायचं.
बारशाला नेसलेल्या इरकलीला तेलाचा वास;
नणंद म्हणाली, वहिनी, शिलाई मशीन घेतलीस?
हो म्हटलं.

दसऱ्याला पाटावर झेंडू, आपट्याची पानं,
हळदकुंकू वाहायला मी.
किती थंड असतं ते, बोटाला कळतं.
नमस्कार कर, म्हणाले. केला.
मागितलं काय, ते सांगणार नाही.

मग निवडणूक लागायची.
आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा;
वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात,
मी ते कात्रण पिठाच्या डब्याखाली ठेवायचे.
लोकसभेला दीड महिना
आमटीत मला हवं तेवढं मीठ घातलं.
त्या दिवसांतही एकदा हात उठला त्यांचा,
पण हात हा हात असतो,
त्याच्यापासून पळता येतं,
त्याला मोरीची कडी पुरते.
निकाल लागला, खाली गुलाल, ढोल,
आणि हे पावती दाखवून
ते घरी घेऊन आले.

महापालिकेची निवडणूक लांबत गेली तेव्हा
शहर खड्ड्यांच्या नावानं ओरडत होतं.
माझ्याइतकी वाट
एकाही उमेदवारानं पाहिली नसेल.

रेहाना मुकादम वकील
मुलुंड कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर
अर्ज वाचून दाखवत होत्या.
मारहाण, पोटगी, राहतं घर. आणखी काही?
मी विचारलं, ताई, निवडणूक नसताना
आचारसंहिता लावता येते का?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
मग उचललं.

आदेशाचं नाव, संरक्षण आदेश.
शब्द तोच, पुस्तकातला,
फक्त पुढचा 'स्व' गळालेला.
हिंदुराव म्हणाले, माझ्या जिवाला धोका आहे.
मॅजिस्ट्रेटबाईंनी कागदावरून नजर न काढता विचारलं,
कुणापासून? यांच्यापासून?
मागे कुणीतरी हसलं.
मी नाही.

पावतीची नक्कल आली.
हवालदार खरातांचं अक्षर सुरेख.
रिव्हॉल्व्हर एक, बत्तीस बोअर, चालू स्थितीत.
परत केव्हा, या जागी पूर्वी असायचं: निकालानंतर.
आता: न्यायालयाच्या पुढील आदेशापर्यंत.
काडतुसं चोवीस.

पुस्तकात पंचवीस आहेत.

गावच्या जत्रेत उडवलं असेल एखादं, म्हणाले म्हणे.
रेहानाताई म्हणतात, रिव्हॉल्व्हरवाचून
ते पितळेचा तुकडा आहे नुसता.
पटतं.
तरी केर काढताना कपाटाखाली
केरसुणी कशाला तरी लागते,
मी थांबते. खाली बसते. हात घालते.

परवा लेकीचं शार्पनर निघालं.