ठेवू नकोस

खडकी स्टेशनवर उतरले तेव्हा साडेअकराचं ऊन
माझ्याआधीच बाकावर पसरून बसलेलं.
शालननं बजावलं होतं, रिक्षावाल्याला नुसतं रेंजहिल्स सांग,
क्वार्टर म्हणू नकोस, नवखी समजून वीस रुपये जास्त घेईल.
मी क्वार्टरच म्हणाले. त्यानं तीस घेतले.

टाइप टू, चौदा बटा तीन.
दार उघडलं सात-आठ वर्षांच्या मुलीनं,
जिभेवर पेप्सीकोल्याचा नारिंगी डाग.
"पप्पा ड्यूटीवर गेलेत," मी काही विचारायच्या आत.
हेच वाक्य, ह्याच उंबऱ्यावरून,
मी किती जणांना सांगितलं असेल.
तिच्यामागची भिंत पोपटी. आमची पिवळी होती.
पाणी हवंय का, विचारलं तिनं. मी नको म्हणाले
आणि जिना उतरल्यावर कडकडून तहान लागली.

शालनकडे जमलो.
शमीम शाळेच्या निकालपत्रकांतून नुकती सुटलेली,
फिलोमिना रात्रपाळीवरून तशीच आलेली, डोळे लाल, केस ओले.
सदतीस वर्षं झाली असं काही वाटलं नाही,
फार तर नऊ-दहा.
"जाडी झालीस गं." "तू पण." "मी आधीपासूनच होते."
पन्ह्यात वेलची की केशर यावरून भांडण,
मग माझ्या मराठीवर हसणं.
जबलपूरनं माझ्या क्रियापदांना जादा पाय फोडलेत म्हणे,
मी "येऊन जाईन" म्हणते,
येणार की जाणार, कुणाला कळत नाही.

शमीमनं गॅलरीत नेऊन बोरीचं झाड दाखवलं,
म्हणजे मेट्रोचा खांब दाखवला.
त्याचा नंबर तिला पाठ होता.

जेवायला शालननं पाच ताटं काढली,
मग एक हळूच परत मांडणीत सारलं.
आमरसाचं पातेलं दोनदा फिरलं.
तिसऱ्यांदा माझ्यापाशी आलं तेव्हा मी विचारलं,
"मंदा येत नाही का?"
फिलोमिना वाटी चाटूनपुसून म्हणाली,
"तू कधी विचारतेस तेच बघत होतो."

होळकर पुलाच्या उतारावर सायकल मी घातली होती.
तिच्या भावाची, हिरवी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली.
पुढच्या चाकाचा पार आठाचा आकडा झाला.
घरी मंदा म्हणाली, मीच पडले.
पट्ट्याचा आवाज दोन जिने ओलांडून आला.
मी गणिताचं पुस्तक उघडलं
आणि रिकाम्या पानावर समास आखत बसले.
वीस दिवसांत बाबांच्या बदलीची ऑर्डर.
ट्रकमध्ये कपाट चढत होतं तेव्हा
ती समोरच्या जिन्यात उभी होती, मधल्या पायरीवर.
वर गेली नाही. खालीही आली नाही.

शालननं नंबर लावला, फोन माझ्या हातात कोंबला,
आणि तिघी एकदम उठल्या भांडी घासायला,
चार ताटं, चार वाट्या, तिघी जणी.

"कोण?"
"मी. वासंती."
पलीकडे कुणीच नसल्यासारखं.
मग कुकरची शिट्टी, लांबलचक.
"मंदा, ती सायकल, तेव्हा मी..."
"थांब," ती म्हणाली, "तिसरी झाली,
डाळीचा गाळ होईल. बंद करून येते.
ठेवू नकोस."

ओट्यावर फोन टेकल्याचा आवाज.
पंखा. नळ. एक मुलगा, "आई, माझा चार्जर?"
ती त्याला काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही,
पण आवाज तोच, किंचित नाकातला.

मी उभी आहे एका न पाहिलेल्या स्वयंपाकघरात,
चपला बाहेर काढून,
कुठं बसू ते न कळून.