दहा अँपिअर

वास आला तेव्हा मी बाळ्याच्या अलीकडे होते.
मागे दोनशे कडक भाकऱ्या, शेंगाचटणीचे पुडे,
हातापाशी मोबाईल, सात टक्के,
आणि डॅशबोर्डच्या पोटातून
केस जळाल्यासारखं काहीतरी.

आधी वाटलं, भाकरीच करपली.
मग माझं मलाच हसू आलं, गाडीत कुठली चूल.
चार्जर ओढून काढला तर बोटाला चटका,
तव्याचा लागतो तसा,
ओळखीचा.

नरसय्या वल्लाळ भद्रावती पेठेत बसतो.
एके काळी मागांच्या मोटारी बांधायचा,
शेड बंद पडत गेल्या तसा
गाड्यांच्या वायरिंगला लागला.
डाव्या कानानं ऐकू येत नाही.
त्या कानात म्हणे अजून माग चालू आहेत.

त्यानं ओम्नीत पायापाशी डोकं घातलं,
फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
मग चिमट्यात धरून बाहेर आणलं
चांदीच्या कागदाचं वेटोळं, काळं पडलेलं.
"अक्का, हे कुणी घातलं?"

मी म्हणाले, गाडी जुनी आहे.
म्हणाले, आधीच्या मालकानं घातलं असेल.
आणि मागच्या सीटवर
त्याच कागदात बांधलेले चटणीचे पुडे
रांगेनं बसून ऐकत होते.

तो रागावला नाही. म्हणाला,
"माग बघितलाय का? धागा तुटला की माग थांबतो.
थांबायलाच पाहिजे.
नाही थांबला तर चादरीत भोकच विणत जातो, गजभर.
फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला धागा.
तू तिथं दोरखंड बांधलीस.
मग तुटणार कोण? वायर.
आणि तुझ्या सीटखाली काय आहे माहितीये ना? इंजिन."
एवढं बोलून तो चहाला गेला.
मी उठून उभी राहिले.

परत आल्यावर आधी बॅटरीची तार सोडली,
मग सॉकेटमध्ये टॉर्च मारला.
तळाशी एक रुपया. नवा, लहानसा, कलंडलेला.
खड्डा आला की मधल्या टोकाला टेकायचा,
पुढच्या खड्ड्यात सुटायचा.
सुट्टे ठेवायची माझी जागा बरोबर त्याच्या वर.

म्हणजे पहिला फ्यूज उडाला तो शहाणा होता.
मीच त्याचं तोंड बंद केलं.

नवी पेठेत चाळीस रुपयांना घेतलेला चार्जर
त्यानं स्क्रूड्रायव्हरनं उघडला.
आत एक स्प्रिंग, एक निळा दिवा
आणि बाकी सगळ्या थापा.
"गाडीतनं बारा येतात, कधी चौदा. फोनला पाच लागतात.
मधे बसून कमी करणारा माणूस भला पाहिजे."
आधी इंजिन चालू, मग चार्जर.
उतरताना काढून घ्यायचा.
फोन काचेखाली नाही, मे महिना आहे,
तिथं पापड भाजतो, बॅटरीचं काय.
मला वाटलं लिहून घ्यावं.
पण मी लिहिते ते फोनवर,
आणि फोन एव्हाना मेला होता.

नवा फ्यूज लाल, नखाएवढा, पाठीवर दहा.
मी म्हटलं, पंधराचा घाला ना, जास्त टिकेल.
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
की मी चटणीचे दोन पुडे काढून त्याच्या बाकावर ठेवले.

"किती झाले?"
"एकशे एक."
मी पर्स उघडली, तर म्हणाला,
"शंभर तू दे. एक गाडीनं दिलाय."
आणि तो काळपट रुपया
पँटला पुसून गल्ल्यात टाकला.

आता सुट्टे पैसे मी
चटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवते.
स्टँडवरचा पार्किंगवाला परवा डोळा चोळत होता.