उधारी

बस मंगळवारी आणि शुक्रवारी.
आज मंगळवार. उतरणारी मी एकटीच.
"चार दहाला परत येतो," ड्रायव्हर म्हणाला,
"चुकलीस तर मग शुक्रवारी,"
आणि हॉथॉर्नच्या पांढऱ्या कुंपणांमध्ये
बस अंग चोरून शिरली, दिसेनाशी झाली.

अकरा घरं. दुकान नाही. शाळा होती,
तिच्यात आता कोणीतरी राहतं;
'मुली' असं कोरलेल्या दाराबाहेर
चिखलाने माखलेले पुरुषी बूट.

टेलिफोनच्या लाल खोक्यात फोन नाही.
बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र आहे,
आणि वर ठळक सूचना:
आधी फोन करा.

पुढे एका फाटकाशी, बाकावर अंडी,
बिस्किटांचा गंजका डबा, वही,
सुतळीला बांधलेली पेन्सिल.
सहाला दीड पौंड. माणूस नाही.
सुटे नसतील तर नाव लिहा.

वही चाळली. चाळू नये, ठाऊक होतं.
नावांवर नावं, सगळ्यांवर काट.
एकच उघडं:
क्लेमंट टफली, सहा, दहा फेब्रुवारी.
आणि आता मे संपत आलेला.

"तो बाराला गेला," मागून आवाज.
हातात बादली, पायांत कोंबड्या.
नाव एनिड. वय विचारलं नव्हतं,
तरी सांगितलं: ऐंशीला दोन कमी.

"मग अंडी खाल्ली का त्यांनी?"
काय हा प्रश्न! पण तोंडून गेला.
ती मात्र रीतसर विचारात पडली.
"चार उरली होती. मीच परत आणली.
म्हणजे देणं दोनाचंच, खरं तर."

मी नाणी काढली. म्हटलं, त्यांचे मी देते.
तिने डब्यावर तळहात ठेवला,
खुडूक कोंबडी बसावी तसा.
"छे! चव्वेचाळीस वर्षं घंटा ओढली त्याने चर्चात,
एक ठोका इकडेतिकडे नाही.
पै न पै चुकती करणारा माणूस.
एवढं एकच राहिलंय त्याचं माझ्याकडे."

मग आम्ही हवेबद्दल बोललो.
कोल्ह्याबद्दल जरा जास्तच वेळ.

बस चार वाजून सात मिनिटांनीच आली.
मांडीवर सहा अंडी, त्यातलं एक अजून कोमट.
दीड पौंड खिशात तसेच.
वहीत, टफलीच्या खाली,
माझं नाव. वाचता येईल असं.