साठ इंच

पट्टी शिवणकामाची आहे.
महाद्वार रोडवरनं आणलेली, पिवळी,
एका टोकाला पत्रा, दुसरं टोक विसविशीत.
मशीन विकलं, पट्टी तेवढी राहिली.
आणि या नऊ कालवडी.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी
धुकं सड्यावरनं हलायच्या आत
एकेकीला पेरूच्या झाडाला बांधते,
पुढच्या पायांच्या मागनं पट्टी फिरवते.
श्वास सोडला की ओढायची,
भरलेल्या छातीवर फसवतात.
छप्पन. बावन्न. सत्तावन्न.
लेक लिहून घेते भूगोलाच्या जुन्या वहीत,
नद्यांच्या नकाशामागं.

नावं तिनंच ठेवलीत.
जांभळी, उशिरा, टिकली,
आणि पेन्सिल, जिच्या शेपटीचं टोक तेवढं काळं.
जंताचं औषध पेन्सिल गालात धरते,
मी पाठ फिरवली की पदरावर थुंकते.

दिवसभर मी दुसरं काय करते?
बघते.
कोण मागं राहिली, कुणाचं शेण पातळ,
कुणाच्या कानामागं गोचीड,
कोण कातळावर एकटी उभी, रवंथ न करता.
दिवाळीपर्यंत सड्याचं गवत गोड,
मग नुसती कुसळं.
मग खालच्या फडातनं उसाचं वाडं,
डोक्यावरनं, दोन खेपा.

मार्गशीर्षात पेन्सिल माजावर आली.
रात्रभर हंबरली, वाडीला झोप नाही.
भैरूभावजी सकाळीच दारात.
"भरवून टाकूया. गाभणीला दर बरा हाय गारगोटीत."
मी वही उघडली. चौपन्न.
"अजून सहा."
"वैनी, जनावर काय वही वाचून गाभ धरतंय?"
तीन दिवस तिला दावणीला ठेवली,
सड्यावर पाटलांचा खोंड मोकळा असतो.

नियम साधा आहे.
पट्टी साठ इंचांची.
तिची दोन टोकं भेटेनाशी झाली
की मग डॉक्टर.

रंगीला बावन्नवर भरवली होती.
वासरू ओढायला चौघं लागले, कासरा लावून.
वहीत तिच्या नावापुढं
रकाने आहेत अजून, कोरे.

माझंही माप घेतलं होतं एकदा.
लग्नाच्या पोलक्याला. एकतीस.
बायजाक्का शिंपीण म्हणाली,
"शिलाईत दोन इंच ठेवते,
पोर वाढंल अजून."
सगळ्यांना ऐकू गेलं.
सगळे नारळ मोजत होते.
ती शिलाई मी उसवली
सातव्या महिन्यात.

आठ माज वाया घालवले मी,
हे भावजींचं गणित.
एकवीस दिवसांनी ती हंबरायची,
एकवीस दिवसांनी ते यायचे,
चहा प्यायचे, वहीकडं बघायचे नाहीत.

बेंदराच्या आधीच्या सोमवारी
शिंगं रंगवायचा डबा उघडाच होता.
पेन्सिलला बांधली, पट्टी फिरवली,
श्वास सोडेपर्यंत थांबले,
ओढली.
पत्र्याचं टोक आणि विसविशीत टोक
यांच्या मधे
दोन बोटं कातडं, ऊन ऊन.

"आई, आकडा सांग."
"आकडा नाही."
"मग काय लिहू?"
"लिही, पट्टी पुरली नाही."

भावजींनी फोन काढला खिशातनं.
थांबा म्हटलं.
माजावर तिची ती येऊ दे.