मंगळवार, चार वाजता

पहिल्या वर्षी खुर्चीवर फायली असायच्या.
मी उभी. घोन्साल्विस मॅडम मान वर न करता
'हं, बोल' म्हणायच्या,
आणि मी जे जे बोलायचे
ते आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असायचं,
बहुतेक वेळा त्यांनीच.

कलिन्याच्या त्या खोलीत एसीचं पाणी बादलीत पडायचं.
थेंब मोजून मी बाहेर यायचे
आणि कॅन्टीनमध्ये ऋजुताला सांगायचे,
बाई दगड आहे.

ट्रॉम्बेच्या खाडीतल्या तिसऱ्या,
एकशे बारा, पिशव्यांवर तारखा घातलेल्या,
फ्रीजर बंद पडून एका सुट्टीत नासल्या.
मी फिनेलनं फरशी पुसली
आणि तीन आठवडे अहवालात
'काम चालू आहे' लिहीत राहिले.

चौथ्या आठवड्यात सांगून टाकलं.
त्यांनी चष्मा काढला. वाटलं, संपलं.
म्हणाल्या, 'माझी आई पाचूबंदरहून टोपली घेऊन निघायची, अंधारात.
वाईट बातमीही तशीच गं.
ताजी असताना आण.
शिळी मीसुद्धा घेत नाही.'
मग कॅलेंडरकडे बघत,
'ओहोटी कधी आहे?'

तेव्हापासून वही.
प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री
काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत,
आणि काय ठरलंच नाही, तेही
लिहून पाठवायचे.
उत्तर नाही. एकदाच आलं:
'मुद्दा तीन. मी असं म्हटलं नव्हतं.
म्हणायला हवं होतं.'

भांडलोसुद्धा. शिशाच्या आकड्यावरून.
त्या म्हणाल्या, तुझं यंत्र चुकतंय.
मी म्हटलं, तुमचा जुना पेपर.
मग बराच वेळ नुसती बादली बोलत होती.

दहा दिवसांनी मसुदा परत आला.
पान एकेचाळीस, हिरवी पेन्सिल:
'पुन्हा मोजलं. तुझं बरोबर.
माझं नाव घालून लिही की तो चुकला.
आणि ते "कदाचित" काढ.'

त्या माझी आई नाहीत, मैत्रीण तर नाहीतच.
त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला शिपायाकडून कळलं.
ऋजुता विचारते, दगड काय म्हणतो?
मी सांगते, अगं, दगडावरच तर
भरतीची रेघ दिसते.

आज चारला पाच कमी.
फायली जमिनीवर उतरल्यात.
खुर्चीचा एक पाय पूर्वीपासून डुगडुगतो,
त्याखाली कुणीतरी
माझ्या पहिल्या प्रकरणाचा पहिला खर्डा
नीट घडी करून सारलाय.