पावती क्रमांक त्रेचाळीस

आमच्या धर्मग्रामानं मला बडोद्याला पाठवलं ते बघायला.
मदतीचं पत्र आलं होतं, सोबत फोटो होता,
पण पास्कू तुस्कानो सभेत म्हणाला,
फोटोत सगळीच देवळं गरीब दिसतात, कुणीतरी जाऊन या.
मी पोस्टातून निवृत्त, मोजायची सवय,
म्हणून मी.
आणि रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून
वहिनीनं बांधून दिलेली सुकेळी.

मकरपुऱ्याच्या कारखान्यांमागे पत्र्याची वखार.
पूर्वी इथे पंपांचे सुटे भाग ठेवत.
कितीही ऊद जाळा, खालून ग्रीसचा वास येतोच.
कोपऱ्यात वजनकाटा, जमिनीत पुरलेला,
उपटता आला नाही म्हणून राहिलेला,
आल्तारापासून बारा पावलं.
(मी मोजली.)

रविवारी चार मिस्सा.
पहिलीचे लोक बाहेर पडताना
दुसरीला आलेल्यांच्या चपलांत पाय घालतात.
गुजराती दोन, मग मल्याळम, मग हिंदी,
आणि महिन्यातून एकदा हिंदीच्या जागी मराठी:
नगरकडचे वेल्डर, त्यांची माणसं,
सर्वांत पुढे दगडू त्रिभुवने, सर्वांत मोठ्या आवाजात,
कारण त्यांच्या मुलांना आता शब्द येत नाहीत.
फादर मॅकवान म्हणाले, साठ घरं होती हो, साठ.
आता चारशे दहा.
हे त्यांनी आनंदानं सांगितलं की काळजीनं
ते मला कळलं नाही. त्यांनाही नसावं.

मिस्सेनंतर लिलाव.
एक कोहळा, दोन कोंबड्या, विणलेला टेबलक्लॉथ,
आणि मला न विचारताच टेबलावर गेलेली माझी सुकेळी.
"छेक वसईथी आवी छे!" जीवणभाई परमार ओरडले.
तीनशे. चारशे. पाचशे एक.
पाचशे एकला मकवाणा आजोबांनी घेतली,
नाकाशी धरली, आणि टेबलावर परत ठेवली.
फरी बोलो.
मला वाटलं, काहीतरी चुकलं.
सातशेला एका मल्याळी ड्रायव्हरनं. परत टेबलावर.
नऊशे. परत.
हजार. परत.
तीच बारा केळी, तेच सुकं पान, तीच दोरी,
वहिनीनं सात दिवस उन्हात उलटीसुलटी केलेली,
चारदा विकली आणि कुणाचीच झाली नाही.
पोस्टाच्या हिशेबात हे बसत नाही.
मी आपली कार्बन सरकवत पावत्या फाडत राहिले.

पाचव्यांदा कुणी बोलेना.
जीवणभाईंनी घसा खाकरला. पंखा ऐकू येऊ लागला.
मग दारातून पाच मुली,
पांढऱ्या गणवेशावर स्वेटर, रांचीकडच्या,
दवाखान्यातून सरळ इकडेच आलेल्या.
आपापसात पैसे जमवत होत्या,
दहाच्या नोटा, रिक्षाचे सुटे.
अकराशे पन्नास.
"नाव?" मी विचारलं.
त्या एकमेकींकडे बघू लागल्या.
थोरली, सिल्वंती तिर्की, जांभई दाबत म्हणाली,
"लिख दीजिए, नाइट ड्यूटी."
मी लिहिलं: रात्रपाळी.
रक्कम अक्षरी. सही.

त्यांनी ती परत ठेवली नाही.
वजनकाट्यावरच फतकल मारून दोरी सोडली
आणि खाऊ लागल्या. भूक लागली होती त्यांना.
काटा थरथरत दोनशे सत्तरवर थांबला,
सुकेळीसकट.
एकीनं मला अर्धं दिलं.
चांगलं होतं. जरा जास्त वाळलेलं,
वहिनीला सांगायला हवं.

आता सभेपुढे अहवाल.
विटा किती, सिमेंट किती, किती कमी पडतं,
सगळं उतरवून आणलंय.
पास्कू विचारेल, खरंच गरज आहे का?
कार्बनची प्रत आहे माझ्याकडे, निळी, पुसट,
एका कोपऱ्याला चिकट.
चष्मा लावून
त्याचं त्यानं वाचावं.